ऑक्साइडांच्या साम्याचे नेटवर्क: सगळेच सगळ्यांशी जोडले जात असेल तर काय करावे?

गिरणाकाठ, चाळीसगाव

सर्वांना नमस्कार. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पदार्थांमधील साम्याचे नेटवर्क तयार करून त्याचा अभ्यास करणे हा माझा प्रकल्प आहे. ‘मटेरियल्स प्रोजेक्ट’ या खुल्या डेटाबेसमधून मी सुमारे दोन हजार ऑक्साइड निवडले, ‘मॅटमायनर’ या पायथन लायब्ररीतील ‘मॅगपाय’ संच वापरून प्रत्येकाच्या रासायनिक सूत्रावरून १३२ संख्या काढल्या आणि प्रत्येक जोडीचे कोसाइन साम्य (१ म्हणजे पूर्ण सारखे) मोजले. साम्य ०.९ पेक्षा जास्त असेल तर त्या दोन संयुगांमध्ये दुवा द्यायचा, असे ठरवले होते. प्रत्यक्षात ‘गेफी’ या नेटवर्क दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली तर पडद्यावर एक सलग काळा डाग दिसतो, कारण जवळजवळ प्रत्येक संयुग दुसऱ्या प्रत्येकाशी जोडले गेले आहे. मर्यादा ०.९९ पर्यंत नेली तरी चित्र फारसे बदलत नाही, आणि ती आणखी वाढवली की संयुगे एकाएकी सुटी पडू लागतात.

यावर माझ्या मार्गदर्शक सरांचा आक्षेप असा आहे, की एवढा खटाटोप करून १८६९ च्या मेंडेलीव्हच्या सारणीपेक्षा वेगळे काय हाती लागणार आहे, हे आधी सांगा. सर्वाधिक दुवे असलेली संयुगे ‘महत्त्वाची’ ठरतील, असे उत्तर मी देणार होते. पण त्याला भौतिकशास्त्रीय आधार काय, हे मला नीट मांडता येत नाही. मर्यादा कशी ठरवावी आणि मिळालेल्या समूहांवर विश्वास केव्हा ठेवावा, याबद्दल कृपया मार्गदर्शन करावे. आमच्या महाविद्यालयात या विषयात काम करणारे कोणी नाही, म्हणून येथे विचारते आहे.

स्फटिकमित्र, जळगाव

ताई, अडचण मर्यादेत नसून त्याच्या आधीच्या पायरीत आहे. मॅगपायच्या १३२ संख्या म्हणजे मूलद्रव्यांचे २२ गुणधर्म आणि प्रत्येकाची किमान, कमाल, सरासरी अशी सहा-सहा सांख्यिकीय मूल्ये. त्यांत विद्युतऋणता आहे, जी साधारण ०.७ ते ४ या पट्ट्यात फिरते. आणि मूलद्रव्यांचे वितळबिंदूही आहेत, जे केल्व्हिनमध्ये शेकड्यांत आणि हजारांत असतात. हे स्तंभ जसेच्या तसे ठेवून कोसाइन काढले, तर उत्तर जवळपास एकट्या वितळबिंदूवर ठरते आणि बाकीच्या स्तंभांना त्यात मतच उरत नाही. त्यात भर अशी, की आपली सर्व संयुगे ऑक्साइड आहेत. फ्लोरिन नसलेल्या कोणत्याही ऑक्साइडमध्ये कमाल विद्युतऋणता ऑक्सिजनचीच, म्हणजे ३.४४ असणार, किमान वितळबिंदूही बहुतेक ठिकाणी ऑक्सिजनचाच असणार. सर्वांमध्ये समान असलेले असे स्तंभ काहीही वेगळे सांगत नाहीत, मात्र कोसाइनला १ कडे ढकलतात. म्हणून प्रत्येक स्तंभातून त्याची सरासरी वजा करावी, प्रमाण विचलनाने भागावे, न बदलणारे स्तंभ काढून टाकावेत आणि मगच साम्य किंवा अंतर मोजावे. एवढ्यानेच तो काळा डाग बराच फुटेल.

त्यानंतरचा प्रश्न अधिक मोलाचा आहे. रासायनिक सूत्रावरून काढलेल्या संख्यांना अणूंची मांडणी ठाऊक नसते. रुटाइल, अनाटेस आणि ब्रूकाइट ही तिन्ही टायटॅनियम डायऑक्साइडचीच रूपे आहेत. आपल्या पद्धतीत त्यांच्या १३२ च्या १३२ संख्या सारख्या येतील आणि त्यांच्यातील अंतर शून्य भरेल. प्रत्यक्षात मात्र रुटाइलचा बँड गॅप (इलेक्ट्रॉनला वाहता होण्यासाठी लागणारी किमान ऊर्जा) सुमारे ३.० आणि अनाटेसचा सुमारे ३.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे, आणि प्रकाश-उत्प्रेरक म्हणून दोघांचे वागणेही निराळे आहे.

याची उलट बाजूही पाहावी. जर्मेनियम, गॅलियम आर्सेनाइड आणि झिंक सेलेनाइड घ्या. आवर्त सारणीच्या एकाच ओळीत मध्यापासून दोन्ही बाजूंना एकेक घर सरकत गेले की हे तीन पदार्थ मिळतात. दोन अणूंमागे एकूण इलेक्ट्रॉन तिघांतही ६४, अणूंची चौफलकी मांडणी तीच, आणि घनाकार युनिट सेलची बाजू अनुक्रमे ५.६६, ५.६५ आणि ५.६७ ॲंगस्ट्रॉम. केवळ रचनेचे नेटवर्क काढले तर हे तिघे एकमेकांना चिकटून बसतील. बँड गॅप मात्र अनुक्रमे सुमारे ०.६७, १.४२ आणि २.७ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे, कारण बंधातील आयनिकपणा पायरीपायरीने वाढत जातो. इलेक्ट्रॉनी गुणधर्मांच्या नेटवर्कमध्ये हेच तिघे दूर-दूर गेलेले दिसतील.

त्यामुळे माझा सल्ला असा, की एकच नेटवर्क न करता तेच बिंदू ठेवून दोन-तीन थर करावेत: एक घटकांचा, एक रचनेचा आणि एक इलेक्ट्रॉनी गुणधर्मांचा. रचनेच्या थरासाठी २०१३ मध्ये बार्तोक, कोंडोर आणि चानी यांनी मांडलेली ‘सोप’ पद्धत वापरता येईल. ती प्रत्येक अणूभोवतीच्या शेजाऱ्यांची मांडणी संख्यांत उतरवते आणि ‘डीस्क्राइब’ या लायब्ररीत तयार मिळते. इलेक्ट्रॉनी थरासाठी ओलेक्सांड्र इसायेव्ह आणि सहकाऱ्यांचा २०१५ चा लेख अवश्य वाचावा. त्यांनी बँड-रचना आणि अवस्था-घनता यांचे ठसे तयार करून ‘एफ्लो’ डेटाबेसमधील पदार्थांचे असेच नकाशे काढले होते. आपल्या सरांच्या आक्षेपाला खरे उत्तर थरांच्या विसंवादात आहे. ज्या जोड्या एका थरात शेजारी आहेत आणि दुसऱ्या थरात लांब आहेत, त्यांची यादी काढावी. मेंडेलीव्हची सारणी मूलद्रव्यांची आहे, त्यामुळे अशा जोड्या ती थेट दाखवू शकत नाही. माझे मत विचाराल तर घटकांचा थर काढूनच टाकावा. त्यातून जे कळते ते सूत्र वाचूनही कळते.

विदावाटसरू, मूळ अमळनेर, सध्या पुणे

स्फटिकमित्र सरांनी केलेले निदान योग्य आहे, परंतु घटकांचा थर काढून टाकण्याच्या मताशी मी सहमत नाही. रचना अजून ठाऊक नसलेल्या संयुगांसाठी हाती फक्त सूत्रच असते, आणि नवे पदार्थ शोधताना नेमकी तीच परिस्थिती असते. थर ठेवावा, त्याच्याकडून भलती अपेक्षा करू नये, इतकेच.

आता मर्यादेबद्दल. संपूर्ण नेटवर्कला एकच मर्यादा लावली की हा पेच येतोच, कारण पदार्थांची वस्ती सर्वत्र सारखी दाट नसते. पेरोव्हस्काइट या स्फटिकरचनेच्या कुटुंबावर जगभर एवढे काम झाले आहे, की डेटाबेसमध्ये त्यांची गर्दी आहे. उलट काही दुर्लक्षित कुटुंबांतील मोजकीच संयुगे नोंदलेली आहेत. दाट भागाला योग्य ठरणारी मर्यादा विरळ भागाला एकाकी पाडते. ही दाटी काही अंशी निसर्गाची आणि काही अंशी संशोधकांच्या आवडीची आहे, हे प्रबंधात स्पष्ट लिहावे. मर्यादेऐवजी प्रत्येक संयुगाचे जवळचे ठरावीक शेजारी, समजा दहा, घ्यावेत आणि दोघेही एकमेकांच्या यादीत असतील तरच दुवा द्यावा. यामुळे काही बिंदू सुटे राहिले तर किमान फैलाव-वृक्षाचे (सर्व बिंदूंना कमीत कमी एकूण अंतरात जोडणारे) दुवे त्यात मिळवावेत, म्हणजे नेटवर्क अखंड राहते. मग शेजाऱ्यांची संख्या पाचपासून वीसपर्यंत बदलून समूह कितपत टिकतात, हे पाहावे. जे समूह पूर्ण पट्ट्यात टिकतात त्यांच्याबद्दलच बोलावे.

समूह शोधण्यासाठी बहुतेक जण २००८ ची ‘लूव्हाँ’ पद्धत वापरतात, आणि गेफीमध्येही तीच आहे. तिच्यातून कधीकधी आतून तुटलेले समूह निघतात, त्यामुळे २०१९ ची ‘लायडन’ पद्धत घेणे बरे. मॉड्युलॅरिटी (समूह आतून किती घट्ट आणि बाहेरून किती सुटे, याचे माप) वाढवण्यावर आधारलेल्या पद्धती मोठ्या नेटवर्कमधील लहान समूह गिळून टाकतात, हे फोर्तुनातो आणि बार्तेलेमी यांनी २००७ मध्येच दाखवले आहे. दोन हजार बिंदूंमध्ये गार्नेटसारखे छोटे कुटुंब दुसऱ्याच्या पोटात गेलेले दिसले तर हे कारण आधी तपासावे.

एक चाचणी मात्र कोणत्याही परिस्थितीत टाळू नये. प्रत्येक स्तंभातील मूल्ये आपापसात स्वतंत्रपणे पिसावीत, म्हणजे स्तंभांचे वितरण तेच राहील पण संयुगांची ओळख पुसली जाईल, आणि त्या विदेवर तीच सर्व प्रक्रिया पुन्हा करावी. यादृच्छिक नेटवर्कमध्येही समूह दिसतात आणि मॉड्युलॅरिटीचा आकडाही फसवा चांगला येतो. खऱ्या नेटवर्कचा आकडा या बनावट नेटवर्कपेक्षा स्पष्टपणे वर असेल, तरच तो लिहिण्याजोगा आहे.

सर्वाधिक दुवे असलेली संयुगे महत्त्वाची, हा दावा सोडून द्यावा असे मला वाटते. अनेक मितींच्या अवकाशात जो बिंदू सरासरीच्या जवळ असतो तो पुष्कळांच्या शेजार-यादीत आपोआप शिरतो. हा भूमितीचा परिणाम आहे, रसायनाचा नव्हे. नकाशाच्या मधोमध पडलेले गाव त्यामुळेच जंक्शन होत नाही. भुसावळ जंक्शन आहे ते तेथे खरोखर रूळ मिळतात म्हणून. तसे खरे रूळ असलेले नेटवर्क पाहायचे असेल तर हेगडे, आयकोल, कर्कलिन आणि वॉल्व्हर्टन यांचा २०२० चा ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मधील लेख वाचावा. त्यात सुमारे २१,३०० स्थिर अकार्बनी संयुगे हे बिंदू आहेत, आणि दोन संयुगे एकमेकांशी अभिक्रिया न करता समतोलात शेजारी राहू शकत असतील तर त्यांच्यात दुवा आहे. असे सुमारे ४.१ कोटी दुवे निघाले, म्हणजे एका संयुगामागे सरासरी ३,८५० च्या आसपास. तेथे दुव्यांची संख्या थेट रासायनिक अर्थ सांगते: ज्याला जास्त दुवे, ते संयुग कमी अभिक्रियाशील. लिथियम बॅटरीच्या इलेक्ट्रोडवर लेप द्यायचा असेल तर इलेक्ट्रोड आणि इलेक्ट्रोलाइट या दोघांशीही दुवा असलेला पदार्थ शोधणे, हा अशा नेटवर्कचा सरळ उपयोग आहे. आयकोल आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये याच प्रकारच्या नेटवर्कला संयुगांच्या शोधाची वर्षे जोडून, गणनेने सुचवलेले कोणते पदार्थ प्रयोगशाळेत तयार होण्याची शक्यता अधिक आहे, याचाही अंदाज बांधला होता. सरांना दाखवायला हे उदाहरण चांगले आहे.

संगणकाची चिंता नसावी. दोन हजार संयुगांच्या सुमारे २० लाख जोड्या होतात, आणि साधा लॅपटॉप ते काम सहज उरकतो.

खदानवाट, भूगर्भशास्त्र, जळगाव

चर्चा ऑक्साइडांची आहे, तरी आपल्या भागातले एक उदाहरण येथे चपखल बसते म्हणून लिहितो. जळगाव परिसरातील बसाल्टच्या खदानींमध्ये दगड फुटला की पोकळ्यांमध्ये झिओलाइट (सूक्ष्म पोकळ्यांची चौकट असलेली सिलिकेट खनिजे) सापडतात, आणि जगभरच्या संग्राहकांच्या कपाटांत ‘जळगाव’ अशी चिठ्ठी लावलेले नमुने असतात. माझ्या टेबलावर असलेल्या एका तुकड्यात फिकट गुलाबी स्टिल्बाइटचे, मध्ये चिमटलेले आणि दोन्ही टोकांना पसरलेले गुच्छ आहेत. त्यांच्यावरच अपोफिलाइटचे पारदर्शक, टोकदार स्फटिक उभे आहेत. दोघे एकाच पोकळीत वाढले आणि दुकानात एकाच फळीवर विकले जातात, पण अपोफिलाइट हा झिओलाइट नाही. त्याची सिलिकेट-रचना पदरांची आहे, तर स्टिल्बाइटमध्ये ती तिन्ही दिशांना जोडलेली चौकट आहे. तेव्हा ‘एकत्र सापडणे’ आणि ‘रचनेने सारखे असणे’ हे दोन वेगळे दुवे आहेत. पहिल्या प्रकारच्या दुव्यांवर शॉना मॉरिसन, रॉबर्ट हेझन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये खनिजांची नेटवर्क तयार केली आहेत आणि त्यांतून खनिजे कोणत्या परिस्थितीत घडली, याचे स्पष्ट पट्टे दिसतात.

झिओलाइटच्या चौकटींना आंतरराष्ट्रीय झिओलाइट संघटना तीन अक्षरी संकेत देते. नॅट्रोलाइट, मेसोलाइट आणि स्कोलेसाइट या तिघांची चौकट एकच. फरक आतल्या सोडियम-कॅल्शियमचा आणि पाण्याचा. घटकांच्या थरात सोडियमवाले आणि कॅल्शियमवाले टोक लांब जाईल, चौकटीच्या थरात तिघे एका बिंदूवर येतील. ह्यूलँडाइट आणि क्लिनोप्टिलोलाइट यांची चौकटही एकच आहे, आणि सिलिकॉन-ॲल्युमिनियम गुणोत्तर ४ च्या खाली की वर एवढ्यावरच नाव ठरते. निसर्गातील नमुने ३.९ पासून ४.१ पर्यंत सलग मिळतात. आपल्या समूह-पद्धतीने त्यांना एकाच समूहात टाकले तर ती पद्धतीची चूक समजू नये. नावाची सीमा तेथे माणसांनी आखलेली आहे.

आणखी एक अभ्यास सांगतो, कारण तो नेमका याच विषयावरचा आहे. श्वाल्बे-कोडा आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ‘नेचर मटेरियल्स’मध्ये झिओलाइटच्या चौकटींची अणू-बंधांचे आलेख म्हणून तुलना केली. दोन झिओलाइटमध्ये सारखे रचना-घटक असले म्हणजे एकाचे दुसऱ्यात रूपांतर होते, असा जो समज होता, तो आकड्यांपुढे टिकला नाही. विसरणाशिवाय, म्हणजे अणू दूरवर न सरकता, होणारी रूपांतरे मात्र आलेखाने जवळ असलेल्या जोड्यांमध्येच आढळली. साम्याचे माप बदलल्यावर ते प्रयोगाशी जुळू लागले, हा या कामाचा खरा विशेष. आपल्याही नेटवर्कला असा एखादा प्रयोगाचा निकष द्यावा.

पाइपवाले भाऊ, एमआयडीसी, जळगाव

मंडळी, आम्ही कारखान्यातली माणसे, त्यामुळे थोडक्यात लिहितो. आमच्याकडे पीव्हीसीची गोणी येते तिच्यावर के-मूल्य (साखळ्यांच्या लांबीचा निर्देशांक) छापलेले असते. पाइपसाठी के-६७ आणि फिटिंगसाठी के-५७ ही सर्वसाधारण निवड असते. रासायनिक सूत्र दोन्हींचे एकच, पण साखळ्यांची लांबी वेगळी असल्याने वितळल्यावरचे वाहणे वेगळे, आणि के-६७ घेऊन बारीक फिटिंग इंजेक्शनने भरायला गेले तर साचा नीट भरत नाही. तुमच्या नेटवर्कमध्ये या दोघांचा एकच बिंदू होईल. पॉलिमरला स्फटिकासारखी ठरलेली युनिट सेल नसते, तेव्हा असा नकाशा आमच्या उपयोगाचा व्हायचा असेल तर त्यात प्रक्रियेचे आकडे लागतील. पर्यायी कच्चा माल शोधायला असा नकाशा हाताशी असला तर फार बरे होईल, म्हणून सांगितले.

गिरणाकाठ, चाळीसगाव

सर्वांचे मनःपूर्वक आभार. स्तंभ प्रमाणित करून आणि परस्पर-शेजारी पद्धत वापरून नेटवर्क पुन्हा तयार केले. आता स्पिनेल, पेरोव्हस्काइट आणि गार्नेट ही कुटुंबे रचनेच्या थरात वेगळी दिसतात, आणि पिसलेल्या विदेची मॉड्युलॅरिटी बरीच खाली राहते. बँड गॅपचे आकडे डेटाबेसमधीलच वापरले आहेत. भाऊ, पॉलिमर या प्रकल्पात घेता येणार नाहीत, पण आपला मुद्दा पद्धतीच्या मर्यादांच्या प्रकरणात लिहीन.

दोन थरांच्या विसंवादाची यादी काढली तर तिच्यात वरच्या बाजूला टायटनेटच्या जोड्या आल्या आहेत. कॅल्शियम टायटनेट आणि मॅग्नेशियम टायटनेट घटकांनी जवळ आहेत, रचनेने लांब. हे योग्य आहे ना?

स्फटिकमित्र, जळगाव

योग्य आहे, आणि यादीच्या वरच्या भागात हीच जोडी यावी हे चांगले लक्षण आहे. कॅल्शियम टायटनेट म्हणजे मूळ पेरोव्हस्काइट खनिजच; मॅग्नेशियम, मँगनीज आणि निकेल यांचे टायटनेट मात्र इल्मेनाइटच्या रचनेत स्फटिकरूप घेतात. कारण आयनांच्या आकारात आहे. गोल्डश्मिटने १९२६ मध्ये मांडलेला टॉलरन्स फॅक्टर (आयन पेरोव्हस्काइटच्या जागांत कितपत बसतात याचे गुणोत्तर) शॅननच्या आयन-त्रिज्यांनी काढावा: बेरियमसाठी तो सुमारे १.०६, स्ट्रॉन्शियमसाठी १.००, कॅल्शियमसाठी ०.९७ येतो. मॅग्नेशियमची सहा शेजाऱ्यांची ०.७२ ॲंगस्ट्रॉम त्रिज्या घेतली तर तो ०.७५ च्या आसपास घसरतो आणि पेरोव्हस्काइटमधील मोठी जागा त्याला भरता येत नाही. हा एक स्तंभ घटकांच्या थरात जोडून पाहावा. तो सूत्रावरूनच निघतो, आणि तो जोडल्यावर ही जोडी यादीत किती खाली जाते ते नोंदवावे. या थराबाबत विदावाटसरू यांचे म्हणणे मी मान्य करतो.

बँड गॅपबद्दल सावधगिरी असावी. डेटाबेसमधील आकडे गणनेचे आहेत आणि सर्वसाधारणपणे वापरली जाणारी पीबीई ही क्वांटम-गणनेची पद्धत बँड गॅप कमी दाखवते. सिलिकॉनचा प्रायोगिक आकडा १.१२ आहे, तर तिच्यात तो सुमारे ०.६ येतो. एकाच पद्धतीचे आकडे आपसात ताडून पाहायला हरकत नाही, पण त्यांत प्रायोगिक आकडे मिसळू नयेत. शिवाय संचात उच्च दाबाखालची आणि केवळ कल्पित अशी रूपेही असतात, त्यामुळे मॅग्नेशियम टायटनेटची एखादी पेरोव्हस्काइटरूपी नोंद सापडली तर गोंधळून जाऊ नये. ‘एनर्जी अबव्ह हल’ (संयुग सर्वांत स्थिर पर्यायापेक्षा ऊर्जेने किती वर आहे) हा स्तंभ पाहून अशा नोंदींना वेगळा रंग द्यावा आणि समूह काढताना त्या आधी बाजूला ठेवाव्यात.